लीलावतीबाईंचा होकार

सूप पुढ्यात आलं तरी लीलावतीबाईंनी चमचा उचलला नाही. राग आलाय, तर तो दिसायला नको?

आणि राग यायला कारणही तसंच होतं. इंग्लंडमधल्या स्लाऊहून निघताना शार्दूल म्हणाला होता, फ्रान्समधल्या एका खेड्यात एक नावाजलेलं हॉटेल आहे, शिवाय खिशाला परवडणारं. आई, तुला एकदा तिथे जेवायला न्यायचंय. मुलगा एवढ्या हौसेने समुद्रापलीकडे जेवायला नेतोय म्हणून बाईंनी ठेवणीतली साडी नेसली. बोटीतून उतरून गाव गाठलं, तर गाडी थांबली ती एका दगडी घरासमोर. घर घ्यायचं या दोघांचं ठरलंसुद्धा होतं. शार्दूलचं काम कॉम्प्युटरवरचं, कुठूनही करता येणारं. सून अक्षयाला स्लाऊच्या गोदामांचा आणि डोक्यावरच्या विमानांचा वीट आला होता. आईला मात्र कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

याच मुलाच्या शब्दावर त्या नागपूरचं बिऱ्हाड मोडून आल्या होत्या. घर विकलं, भांडीकुंडी धाकट्या बहिणीला, मनीषाला, देऊन टाकली. स्लाऊला आता कुठे जीव रमायला लागला होता. शेजारच्या रेखाताईंबरोबर बागेतली फेरी होती, भाजीवाल्याशी मोडक्या पंजाबीत घासाघीस होती. आणि आता म्हणे पुन्हा गाठोडं उचला. आपण या घरातलं माणूस आहोत की सामान, असं त्यांना दुपारपासून वाटत होतं. पोटच्या पोराने जेवणाचं आमिष दाखवून आणावं, हे तर फारच लागलं होतं.

हॉटेल कसलं, पाचसहा टेबलांची एक खोली. मालकीणबाई आत रांधायच्या आणि त्यांचा नवरा बाहेर वाढायचा. आज काय शिजलंय ते फळ्यावर खडूने लिहिलेलं. तेच सगळ्यांनी खायचं. इतक्या पैशात आपल्या स्लाऊजवळच्या मेडनहेडला नुसतं सूप आलं असतं, असं शार्दूल दुसऱ्यांदा म्हणाला. आईपुरतं शाकाहारी करा, असं त्याने आधीच फोन करून कळवलं होतं. म्हणून की काय, मालकिणीचा नवरा लीलावतीबाईंपुढे खास वाकून फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला. त्यांना अक्षर कळलं नाही, पण आर्जव कळलं. एवढा परका माणूस आग्रह करतोय म्हटल्यावर त्यांनी चमचा उचलला.

सूप कांद्याच्या पातीसारख्या कुठल्याशा भाजीचं होतं आणि कबूल करायला हवं, फक्कड होतं. मग घट्ट सायीत शिजून वरून खरपूस झालेले बटाटे आले, आणि बाईंचा राग निम्म्यावर आला. अक्षयाने नव्या डिजिटल कॅमेऱ्यात घराचे फोटो दाखवले, तेही त्यांनी पाहिले. पोरं मस्का लावतायत, त्यांच्या मनात आलं. इतक्या लांब आणून, खाऊपिऊ घालून आपला होकार काढून घ्यायचाय. घ्या बापडे. मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं, देव तिथेच मांडावेत. ती खोली शार्दूलच्या ऑफिसला, असं अक्षया दुपारी म्हणत होती. म्हणेना का. अंगणात सफरचंदाचं झाड आहे, त्याच्या शेजारी तुळस लागेल. फ्रेंच काय, शिकू. शाळेत मराठी शिकवण्यात हयात गेली, एकदा बाकावर बसून बघू.

शेवटी सफरचंदाचा काहीतरी गोड पदार्थ आला. एरवी त्यांनी अंडं आहे का विचारलं असतं. आज विचारलं नाही, म्हणजे नव्हतं. अर्धा संपेपर्यंत त्यांचं ठरलं. एकदा विचारू द्यायचं, थोडं तंगवायचं आणि मग हो म्हणायचं.

अक्षयाने शार्दूलकडे पाहिलं. शार्दूलने पाण्याचा ग्लास उगाच इकडचा तिकडे केला. शेवटी तीच बोलली.

"आई, आम्ही सप्टेंबरमध्ये इकडे मूव्ह करणार. आम्ही खूप हॅपी राहू इथे."

लीलावतीबाईंना हसूच आलं. अक्षया जन्मली, वाढली लंडनच्या हाउन्सलोला. तिचं मराठी गोड होतं, पण सगळं इंग्रजीतून वळून आलेलं. तिच्या एका 'वी'मध्ये अख्खं जग मावायचं. "आम्ही मार्केटला जाऊया," म्हणाली की बाई विचारायच्या, मग मी काय घर राखू? समोरच्याला धरून बोलायचं तेव्हा 'आपण', त्याला वगळून बोलायचं तेव्हा 'आम्ही', हा धडा स्वयंपाकघरात कितीदा तरी झाला होता. दर वेळी अक्षया हसून चूक सुधारायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच करायची.

एवढ्या मोठ्या गोष्टीतही पोरीने नेमकं तिथेच अडखळावं! बाईंचा उरलासुरला राग कुठल्या कुठे गेला. आता कशाला तंगवायचं, होकार देऊनच टाकावा.

"'आपण' म्हणावं, अक्षया. आपण राहू इथे," त्या म्हणाल्या आणि हसत मुलाकडे वळल्या. "सांग रे तुझ्या बायकोला. तुझं मराठी तरी शाबूत आहे ना?"

अक्षया हसली नाही. शार्दूल बशीतल्या चुऱ्यावरून काटा फिरवत राहिला.

"आई," तो मान वर न करता म्हणाला, "या वेळी ती चुकलेली नाही."