निंबोरा गाळला

"गाडीच बंद झाली, आता गाणं कशाला?" म्हणत गुलाबआजोबा भिंतीकडे तोंड करून बसले.

आमच्या छोट्या आगगाडीचे गार्ड तेच आणि तिकीट तपासणारेही तेच. दर स्टेशनाचं एक कडवं रचून ते गाडीत गायचे. आज नातीची हळद, आणि ती हटून बसलेली. "आजोबा गाणार नाहीत, तर मला हळदच नको!"

"थांब गं," म्हणत मीच बेसूर सुरू केलं. सावळी झालं, पिंपळगाव झालं, आणि मुद्दाम निंबोरा गाळून मी थेट टाकळीला पोचलो. निंबोरा म्हणजे आजीचं माहेर.

"ए गाढवा!" आजोबा ताडकन उठले. "निंबोरा काय तुझ्या बापानं उचलून नेला?"

मग त्यांनी पहिल्या स्टेशनापासून गाणं धरलं. निंबोऱ्याला आजी लाजली आणि नवरीनं हळदीसाठी गाल पुढे केले. टाकळीपर्यंत अख्ख्या मांडवाची गाडी झाली, एकमेकांचे खांदे धरून, आणि पुढे नवरीचं पिवळंधम्मक इंजिन.

गाणं संपवून आजोबांनी माझ्यापुढे हात केला. "तिकीट?"

पंधरा वर्षं त्या गाडीतून फुकट फिरलेला मी, सवयीनं मांडवाबाहेर पळालो.