इंजिन तापवतोय

जन्मभर बुलेट चालवलेल्या शिरीषने पुन्हा जोर लावून मूठ पिळली, पण माळावर भाड्याने घेतलेली ती चार चाकांची क्वाड बाईक जागची हलेना. ‘माझ्या मागून या रे सावकाश!’ असं ज्यांना दरडावलं होतं, ते तिन्ही मित्र केव्हाच धुळीत दिसेनासे झाले. सूचना चालू असताना ते ऐकत होते आणि हा गॉगल लावून सेल्फी काढत होता.

‘काका, पिळू नका. अंगठ्याजवळचा खटका दाबा,’ शेजारच्या छोट्या गाडीवरची आठेक वर्षांची मुलगी म्हणाली.

‘ठाऊक आहे गं! इंजिन तापवतोय.’

त्याने खटका शेवटपर्यंत दाबला. गाडी उधळून गवताच्या गंजीत घुसली. मुलगी मागोमाग आली. हसली नाही. ‘आता हळू. पुन्हा करू या,’ म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत तिने त्याला माळाला फेऱ्या घालायला लावल्या.

जेवताना मित्रांनी विचारलं, ‘काय लीडर, होतास कुठे?’

‘अरे, एका चिमुरडीला गाडी येत नव्हती. म्हटलं, शिकवावं बिचारीला.’

तेवढ्यात ती चिमुरडी आईचं बोट धरून टेबलाशी थांबली.

‘काका, अंगठा दुखतोय का अजून? उद्या आपण ब्रेक शिकू हं.’