सातवी पाटी

बाबांच्या हौसेपायी सलग चौथ्या रविवारी ती कुत्रीला घेऊन स्पर्धेच्या रिंगणात उतरली. पाटीवर लिहिलं असेल तसं कुत्रीला वळवायचं, बसवायचं, की पुढची पाटी. तिच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. सातव्या पाटीपाशी ती चुकून डावीकडे वळली, तिच्यामागोमाग कुत्रीही.

"डोकं ठिकाणावर आहे का? शंभरदा सांगितलं, उजवीकडे!" दोरीपलीकडून बाबा कडाडले.

परीक्षक बाईंनी हात वर केला. "इथे कुत्र्यांवर ओरडायला सक्त मनाई आहे. दहा गुण कापले."

बाबा ओशाळले. "छे हो बाई, कुत्रीवर कशाला ओरडेन? गुणाची आहे ती. मी पोरीला ओरडलो."

"असं होय!" बाईंना हायसं वाटलं आणि त्यांनी कापलेले गुण परत दिले.