पार्सलीच्या मोडांची पाटी

दिराने रंगवून आणलेली पाटी शालनने बागेच्या फाटकाशी, विकायला मांडलेल्या मोडांच्या डब्यांपाशी उभं राहून वाचली. ‘पार्सलीचे मोड खा! साखर, सांधे, हृदय, सारं बरं!’

“ही चालायची नाही,” ती म्हणाली.

“वहिनी, शेजारचा कारल्याचा रसवाला दम्यापासून टकलापर्यंत सगळं बरं करतो. आपणच का मागे राहायचं?”

“त्याचं तोंड त्याच्यापाशी. हे कोथिंबिरीसारखे कोवळे मोड मी तीन आठवडे पाणी शिंपडून वाढवलेत. त्यांच्या नावावर थापा मारायच्या नाहीत.” पदर खोचून तिने पाटी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर खडूने लिहिलं: ‘चवदार, पौष्टिक. औषध नव्हे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.’

फिरून आलेल्या एका आजोबांनी डबी उचलली, पैसे काढले आणि मग पाटी वाचली. “ती गोळी तर मी रोज घेतो.”

शालनने त्यांच्या हातातली डबी काढून घेतली. “यात के जीवनसत्त्व भरपूर असतं, ते त्या गोळीच्या उलट काम करतं. डॉक्टर हो म्हणाले तरच या.”

दिराने कपाळावर हात मारला. “अहो, अजून भवानीसुद्धा झाली नाही! पहिलं गिऱ्हाईक कुणी परत पाठवतं का?”

“मी पाठवते.”

आजोबांनी पैसे परत खिशात ठेवले. मग कारल्याच्या गाड्याभोवती जमलेल्या मित्रांना त्यांनी खणखणीत हाक मारली, “ग्लास ठेवा खाली आणि इकडे या रे! ही बाई भवानीलासुद्धा नाही म्हणते!”