अंधारातली खटखट

अर्धांगवायूनं जोतिरामची वाचा गेली, डाव्या हाताची दोन बोटंच हलती राहिली. रुपालीनं सुटे भाग मागवून नवऱ्यासाठी छोटा, थेट तिच्या मोबाईलवर लिहिणारा बिनतारी कीबोर्ड जोडला. कुठलं बटण काय लिहील तेही त्याच्या सोयीनं ठरवलं. त्या संध्याकाळी ती कुंभारीहून परतली. घरात अंधार होता आणि सर्दीनं तिचं नाक बंद. स्विचकडे हात नेताच आतून कीबोर्डची घाईघाईची खटखट ऐकून ती थबकली. हातातल्या मोबाईलवर त्याचा निरोप उमटला, ‘लाईट लावू नगं. गॅस.’ तिनं हात मागे घेतला. सासू दूध तापत ठेवून शेजारी गेली होती. उतू गेल्यानं विझलेली शेगडी रुपालीनं चाचपडत बंद केली, दारं-खिडक्या उघडल्या, नवऱ्याला चादरीसकट अंगणात ओढलं. “अहो, लई भ्या वाटलं असंल की?” ती रडत म्हणाली. छातीवरच्या कीबोर्डवर त्यानं लिहिलं, ‘व्हय. तू आलीस तवा.’