पंचमीची मुराळी

“मुराळी कुठंय?” कडुबानं विचारलं.

“ही काय, समोर उभीय की,” तनुजा म्हणाली.

तिच्या हातात हेल्मेट होतं. सलवारीवर गुडघ्यापर्यंत चिखल उडालेला. कडुबानं अंगणातल्या स्कूटीकडं पाहिलं, फाटकाबाहेर रस्त्याकडं पाहिलं, पुन्हा तनुजाकडं पाहिलं. मागून कुणीतरी बाप्या येत असेल, असंच त्याला अजून वाटत होतं. कुणीही येणार नव्हतं.

सासरी नांदणाऱ्या लेकीला सणाला न्यायला माहेराहून मुराळी येतो. भाऊ येतो, नाहीतर चुलतभाऊ. अगदीच कुणी नसलं तर गल्लीतलं मिसरूड फुटलेलं पोरगंही चालतं. पुरुष पाहिजे, एवढीच काय ती अट. तनुजाच्या थोरल्या बहिणीची, सोनियाची, लग्नानंतरची ही पहिलीच नागपंचमी. दोघींना सख्खा भाऊ नाही. चुलतभाऊ सुदर्शन येणार होता, पण कंपनीत त्याला ऐनवेळी सुट्टी मिळाली नाही. मग शहरात, उस्मानपुऱ्यातल्या माहेरघरी सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं, यंदा राहू द्या. आई तेवढी डोळ्याला पदर लावून बसली.

“राहू का द्यायचं?” तनुजा कडाडली होती. “मला गाडी येत नाय का?”

गाडी ती नुकतीच, उन्हाळ्यात शिकली होती. शहराबाहेर एकदाही नेलेली नव्हती. आज फुलंब्रीपर्यंत तिनं ती रस्त्याच्या कडेकडेनंच चालवली. सिल्लोडच्या पुढं ट्रक अगदी अंगावरून जायला लागले, तेव्हा ती भीती घालवायला मोठमोठ्यानं गाणी म्हणत सुटली. अजिंठ्याच्या अलीकडं या गावाचा फाटा दिसला आणि तिला वाटलं, झालं, जिंकलं आपण. कसलं काय! खरा घाट तर इथं, सोनियाच्या सासरच्या दारात होता.

“शहाणी हायेस का तू?” कडुबा, सोनियाचा सासरा, म्हणाला. “घरची सून काय सामान हाय का, कुणीबी यावं अन् गाडीवर टाकून न्यावं? गाव काय म्हनंल?”

“गावाला काय म्हणायचं ते म्हणू द्या, मामा. मी माझ्या बहिणीला न्यायला आलेय.”

“पोरीबाळी मुराळी व्हत नसत्यात.”

“मी झाले की.”

सोनिया दारात उभी होती. सकाळपासून भरून ठेवलेली पिशवी तिनं छातीशी धरली होती. तिचा नवरा शिवराज भिंतीला टेकून मोबाइल पुसत होता. त्याच्याकडं चांगली मोटारसायकल होती. पण बायकोला स्वतः माहेरी नेऊन सोडलं की गावभर नाव पडतं, बायकोच्या ताटाखालचं मांजर. एवढी हिंमत त्याच्यात कुठली!

सासूबाई मनकर्णाबाई ओसरीवर सुपात मटकी निवडत बसल्या होत्या. तनुजा आल्यापासून त्यांनी मान वर केली नव्हती. या बाईची जरब अशी, की सोनिया फोनवरसुद्धा त्यांचं नाव हळू आवाजात घ्यायची.

“गाडी कुणी शिकवली?” त्यांनी सुपात बघतच विचारलं.

“मैत्रिणीनं.”

“पडली असशील.”

“लई वेळा.”

“रस्त्यानं भेव नाय वाटलं?”

“वाटलं, मावशी. तरी आले.”

“आन् आमी नाय धाडली हिला, तर?”

ते चित्र तनुजाच्या डोळ्यांपुढं आलं. रिकाम्या सीटनं परत जायचं, गल्लीनं तोंडावर म्हणायचं, सांगितलं नव्हतं का तुला? आणि सोनियानं इथंच, परक्या माणसांत, पहिली पंचमी काढायची. तिला भयंकर राग आला. तिनं हेल्मेट ओसरीवर दणकन ठेवलं.

“तर मी इथून हलत नाय. दोन भाकरी जास्तीच्या थापा माझ्यासाठी. आज नाय, उद्या न्या म्हणाल तर उद्या नेईन, परवा म्हणाल तर परवा. पण रिकामी जायची नाय!”

शेजारची वच्छलाबाई कुंपणापलीकडून फिदीफिदी हसली. त्या हसण्यानं कडुबाचा पारा आणखीच चढला.

“बघा, कशी तोंड वर करून बोलतीय!” तो बायकोकडं वळला. “अगं, तू तरी सांग हिला. पोरीनं मुराळी म्हनून यायचं, असं ह्या घरात कधी झालंय का?”

मनकर्णाबाईंनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. सोनियाजवळ गेल्या आणि तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली. सोनियाचा चेहरा उतरला. आता पिशवी आत जाणार, हे तनुजालाही दिसलं आणि तिनं दातओठ खाल्ले. पण सासूबाई आत गेल्याच नाहीत. त्या अंगणात उतरल्या, स्कूटीपाशी आल्या आणि पिशवी पुढं पाय ठेवायच्या जागी नीट बसवली. मग नवऱ्याकडं वळल्या.

“झालंय,” त्या म्हणाल्या. “माझ्या पयल्या पंचमीला माझी धाकली बहीण आली व्हती मला न्यायला. एकली, यष्टीनं. तुमच्या आबांनी तिला ह्याच दारातून माघारी लावली, तुमी उभं राहून बघितलं, आन् मी आत चुलीपुढं रडत बसले. माझी सून नाय बसायची.”