पायातलं कडं

खाडीकाठच्या खाजणातल्या पक्षी-केंद्रावर तिचा पहिलाच दिवस होता. सरांनी जाळ्यातलं रानबदक काखेत धरलं, पकडीनं त्याच्या पायात नंबर कोरलेलं कडं बसवलं आणि म्हणाले, "आता हे जगात कुठंही सापडलं, तरी आपल्याला कळेल."

कडं बघून ती हरखलीच. "सर, असल्या कड्यांचा माझ्याकडे अख्खा हार आहे! बाबा याच खाजणाचे राखणदार होते ना. बदकं परत जाताना पायातलं काढून माझ्यासाठी ठेवून जातात, म्हणायचे. लाडाची लेक मी!"

सरांनी पकड खाली ठेवली.

"वीस वर्षं आम्ही त्या बदकांची वाट बघतोय," ते हळूच म्हणाले. "पोरी, हे कडं असं निघत नाही गं. त्यासाठी पाय तोडावा लागतो."

तिला आठवलं. हारात नवं कडं ओवलं, की त्या दिवशी घरात हमखास रस्सा शिजायचा. आणि पहिली तंगडी बाबा लाडक्या लेकीच्याच ताटात वाढायचे.